सरावाची पाहुणी

चांगली नोकरी लागेल म्हणून मी कॉलेजात मायनरला स्पॅनिश घेतलं. तोंडीच्या सरावाला कोणीतरी हवं, म्हणून तीन वर्षं रोज आईला वेठीला धरलं. मी रिसेप्शनिस्ट, ती पाहुणी. मी देवनागरीत लिहून दिलेले प्रश्न ती कागदात बघून विचारायची. हॉटेलातल्या खोल्या आवरून दमलेली असायची. "किती डोकं खातेस गं!" म्हणायची, पण बसायची.

आज तिच्याच हॉटेलात रिसेप्शनच्या जागेसाठी माझी मुलाखत होती.

"स्पॅनिश आम्हाला कुठलं कळायला!" मॅनेजर म्हणाले. "तसले पाहुणे आले की आम्ही आमच्या एका बाईंनाच पुढे करतो. त्याच घेतील तुमची परीक्षा."



एप्रनला हात पुसत आई आत आली, समोर बसली आणि म्हणाली, "कागद न बघता विचारते हं."