आठपैकी आठ

"डोळे नीट बांधलेत ना? फसवाफसवी चालणार नाही हं, राणीसरकार," डॉक्टर म्हणाले.

"घट्ट बांधलेत. मला माझं नाकसुद्धा दिसत नाहीये," आईच्या ओढणीखालून सात वर्षांची पोर म्हणाली.

आई उशाशी उभी होती. मणक्यातल्या गाठीनं लेकीचे पाय केव्हाच निजवले होते. हलत नव्हते, वळत नव्हते. उरला होता फक्त स्पर्श. बारा दिवस रोज सकाळी डॉक्टर कापसाचा बोळा घेऊन येत आणि काही न बोलता, सावकाश, रोज त्याच क्रमानं, दोन्ही पायांवर मिळून आठ ठिकाणी टेकवत. कुठे टेकला ते पोरीनं सांगायचं.

काल ती तीनदा चुकली.

तेव्हा डॉक्टर आईला हळूच म्हणाले होते, "कळतंय तोवर ऑपरेशनला अर्थ आहे. सगळंच गेलं, तर नुसती पाठ चिरायची. ते मी करणार नाही. उद्या शेवटचं बघू." लेक तेव्हा डोळे मिटून पडली होती.

रात्रभर आईनं ते गार तळवे चोळले होते. चोळून चोळून स्वतःचेच हात पोळले, पाय गारच.

"उजवा अंगठा," पोर म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली.

"करंगळी. अहो काका, गुदगुल्या होतात ना!"

आईनं श्वास रोखला.

"मधलं बोट... आता टाच. चारपैकी चार! काल मुद्दाम चुकले होते, तुमची गंमत करायला."

"लबाड कुठली!" डॉक्टर हसले. बारा दिवसांत पहिल्यांदाच.

दारात सिस्टर कागद घेऊन उभी होती. उद्याच्या ऑपरेशनची यादी तिच्याकडे होती, आणि पहिली जागा अजून रिकामी होती. तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. डॉक्टरांना एवढं पुरे होतं. त्यांनी बोळा ट्रेमध्ये टाकला, रबरी चपलांनी आवाज न करता दाराशी गेले, खिशातून पेन काढलं. आई तोंडावर हात दाबून त्यांच्या मागोमाग गेली. तिला त्यांचे पाय धरायचे होते.

पलंगापाशी कोणी नव्हतं.

"डावा अंगठा," मागून पोर म्हणाली. मग एक श्वास थांबून, "करंगळी. ई, गुदगुल्या! मधलं बोट... टाच. आठपैकी आठ ना हो, काका?"