पहिली फेरी

काचेच्या पेटीत एक पत्रा ठेवला होता. लिफ्टमधल्या बटणांच्या मागचा, हातभर लांब, कडा गंजलेला. त्यावर काळ्या मार्करनं एकच शब्द लिहिलेला होता : चिमणी. खाली पंधरा वर्षांपूर्वीची तारीख. आणि पेटीवर नवी कोरी पितळी पाटी : आमच्या अध्यक्षांची पहिली फेरी.

पाटीच्या अनावरणाला जमलेल्या पाहुण्यांत घार लेकीला कडेवर घेऊन पेटीसमोर उभी होती. अक्षर तिचं होतं.

ती आणि आताच्या अध्यक्ष, दोघी या लिफ्टच्या कंपनीत एकाच दिवशी उमेदवारीला लागल्या, तेव्हा नावं मिस्त्रींनी ठेवली. जी टक लावून बघायची ती घार, जी आवाजाला दचकायची ती चिमणी. कंपनीचा रिवाज असा, की लिफ्ट ज्यानं बसवली त्यानं तिच्यातून पहिली फेरी एकट्यानं मारायची आणि वर पोचल्यावर पत्र्यावर आपलं टोपणनाव लिहायचं. जमलं नाही, तर रवानगी गोदामात, कायमची. चिमणीची पाळी आली तेव्हा मिस्त्री वर यंत्राच्या खोलीत होते आणि खाली चिमणी दारातच थिजली. शेवटी तिच्याऐवजी घार आत शिरली, आणि चिमणी अकरा मजले जिन्यानं पळत सुटली. पत्र्यावर नाव लिहून घार आडोशाला झाली. मिस्त्री आले तेव्हा लिफ्टच्या दारात चिमणी धापा टाकत उभी. भीतीनं धाप लागली होय, म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली.

आता त्याच चिमणीच्या हाताखाली चौदा हजार माणसं होती. घार मात्र बाळंतपणासाठी म्हणून जी घरी बसली, ती बसलीच. परत घ्या म्हणून तिनं केलेला अर्ज तीन आठवडे याच इमारतीत कुठल्याशा टेबलावर पडून होता.

स्वागतकक्षातली मुलगी कौतुकानं सांगत होती. मॅडम म्हणे रोज नऊ मजले जिन्यानंच चढतात. लिफ्टची कंपनी चालवतात, पण स्वतः कधी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत, इतकं तब्येतीला जपतात. त्यांचं बघून निम्म्या ऑफिसनं जिना धरलाय आणि समोरच्या गुडघ्यांच्या डॉक्टरची चांदी झालीय.

घारीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. बाईची भीतीसुद्धा लोकांनी डोक्यावर घेतली होती. आपण लावलेलं झाड, फळं शेजारणीच्या अंगणात.

चिमणी जिन्यावरूनच उतरली. सगळे सावरून उभे राहिले. तिचं घड्याळ, तिचे बूट, तिच्या मागून चालणारी माणसं, हे सगळं घारीनं बघून घेतलं. खांद्यावर दुधाचा डाग नाही. काखेला पिशवी नाही, बाटली नाही, लाळेरं नाही. दोन्ही हात मोकळे. घारीला सगळ्यात जास्त तेच खुपलं.

चारच शब्द ती घरून घोकून आली होती. बाटल्या उकळताना, लंगोट वाळत घालताना, पुनःपुन्हा. हे अक्षर माझं आहे.

"घार फिरते आकाशी," चिमणी लेकीचा गालगुच्चा घेत म्हणाली. "आणि चित्त हे इथं, होय?"

मग आवाज न बदलता तिनं सांगून टाकलं, की अर्ज वाचलाय, सोमवारपासून ये, पाळणाघर तिसऱ्या मजल्यावर आहे. मीठ सरकव म्हणावं, तसं. घारीनं मान हलवली. घोकलेलं वाक्य राहूनच गेलं.

तेवढ्यात फोटोग्राफर पुढे झाला. मॅडमनी जुन्या नावाखाली आज पुन्हा तेच नाव लिहावं, फोटो झकास येईल, असं त्याचं म्हणणं पडलं. पेटी उघडली गेली. कुणीतरी मार्कर पुढे केला.

चिमणीनं मार्करकडे पाहिलं. ती नजर घारीच्या ओळखीची होती. लिफ्टच्या दारातली.

पुढच्याच क्षणी चिमणीनं दोन्ही हात पसरले आणि लेकीला घारीच्या कडेवरून उचललं.

"माझे हात अडकलेत बाई," ती म्हणाली. "तू लिही ना. तुलाच येतं."

सगळे हसले. मार्कर घारीच्या हातात आला.

पत्रा गार होता. आता बोलायचीही गरज नव्हती. खाली नुसतं 'घार' लिहिलं असतं, तरी डोळे असलेल्याला दोन्ही नावं एकाच हातची दिसली असती. तिनं टोपण काढलं. सोमवार आठवला. तिसरा मजला आठवला.

तिनं 'चिमणी' लिहिलं. शेवटची वेलांटी तशीच, शेपटासारखी लांब ओढलेली.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्याला डोळा लावला, मग काढला. पत्र्याकडे पाहिलं, घारीकडे पाहिलं.

"अक्षर तंतोतंत तेच आलं की हो."

दोन-तीन माना पत्र्याकडे वळल्या.

"तेच येणार," चिमणी शांतपणे म्हणाली, आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

घारीनं मार्कर ठेवला आणि लेकीला घ्यायला पुढे झाली. लेकीनं चिमणीच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी मुठीत गच्च धरली होती. आईचे पसरलेले हात तिनं नीट पाहिले, मान वळवली आणि चिमणीच्या स्वच्छ खांद्यावर गाल टेकला.

"असू दे गं थोडा वेळ," चिमणी म्हणाली आणि तिला घेऊन पाहुण्यांकडे वळली.

घार तशीच उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिचे दोन्ही हात मोकळे होते.