बारावी खुर्ची

ख्रिस्ताने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा गावकऱ्यांचे पाय धुतात. यंदा त्या विधीला बारावा माणूस आलाच नाही, म्हणून निवृत्त फादर इनास यांना त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. चाळीस वर्षं त्यांनी वेदीपुढे गुडघे टेकून गावाचे पाय धुतले होते. त्यांच्या नम्रतेचं गावभर कौतुक व्हायचं, आणि ते त्यांना मनातून आवडायचंही. स्वतःचा पाय मात्र त्यांनी कधी कुणाच्या हाती दिला नव्हता.

विधीसाठी निवडलेली माणसं आदल्या दिवशीच टाचा दगडाने घासून ठेवत. इनास तसेच आले होते. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय केव्हाच बधिर झाले होते, आणि हल्ली मनही तसंच. प्रार्थना ओठांवर यायची, आत काही हलायचं नाही.

नव्या फादरांनी गुडघे टेकून त्यांचा उजवा मोजा उतरवला. तो टाचेला चिकटला होता. खाली जखम होती, ओली, कुबट वासाची. इनास यांना तिचा पत्ताच नव्हता.

त्यांनी पाय मागे ओढला. "नको, फादर. घाण आहे."

"असू दे," नवे फादर हळूच म्हणाले. "आत्तापर्यंतचे अकराही पाय घरून धुऊन आणलेलेच होते."

पाणी कोमट होतं की गार, इनास यांना कळलं नाही. ते नुसते बघत राहिले. विधीत एकच पाय धुतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्यांनी वाकून दुसरा मोजा उतरवला.