गुडघ्यांना कान नसतात

“आज कोठीघरात पळायचं नाही,” टाळ्या थांबायच्या आत ताईनं भावाची बाही पकडली. “लोकांत जाऊन बस. दोन शब्द बोल.”

“तोंड तुझं, बोटं माझी. तसंच ठरलंय आपलं,” गिटारवाला म्हणाला. “मध्यंतरात वादक लोकांबरोबर कॉफी ढोसायला लागला की त्याची जादू जाते.”

“तुझी जादू तर जबरदस्त आहे. अर्धे लोक मध्यंतरातच गायब होतात.”

हे मात्र खरं होतं. कॅफेच्या मालकानं आज दुपारी दोघांना दारातच गाठलं होतं. “मागची टेबलं आजही रिकामी झाली, तर पुढच्या रविवारपासून मी रेडिओ लावतो. तो निदान सूप मागत नाही.” गिटारवाल्याच्या मते दोष ताईच्या संथ गाण्यांचा होता. लोकांना डुलक्या लागू नयेत म्हणून दर रविवारी तो स्पीकरचं बटण थोडं पुढे सरकवत होता.

त्यानं टोपी काढून खिशात कोंबली. वाजवताना तो ती भुवयांपर्यंत ओढायचा, त्यामुळे टोपीशिवाय आपल्याला कोणी ओळखत नाही अशी त्याची खात्री होती. पुढची टेबलं भरलेली होती. अगदी मागे, कोपऱ्यात, एक काकू एकट्याच बसल्या होत्या. त्या दर रविवारी यायच्या आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायच्या. कोणीतरी बिचारीला दर वेळी टांग देतंय, असं त्याला वाटायचं.

तो जवळ पोचला तेव्हा पर्स आधीच काकूंच्या मांडीवर गेली होती.

“बसू का? कोणी येणार असेल तर…”

“बस रे.” काकूंनी पर्समधून कापसाचा बोळा काढला आणि अर्धा तोडून त्याच्यापुढे धरला. “हे घे. आता परत सुरू होईल ते.”

“गाणं आवडत नाही तुम्हाला?”

“गाणं ऐकायलाच तर येते! पोरगी फार गोड गाते. पण तो टोपीवाला कानात खिळे ठोकतो. बोटं चांगली आहेत हं त्याची. फक्त इथं बसून त्यानं एकदा स्वतःला ऐकायला हवं.”

गिटारवाल्याचे कान तापले. “त्याला… त्याला तिथं कमी ऐकू येत असेल.”

“मग सांगायला नको का कोणी त्याला?”

उत्तर देण्यासाठी त्यानं मान वर केली आणि तसाच थांबला. टेबलांच्या मधल्या वाटेतून स्पीकरचं तोंड सरळ त्याच्याकडे बघत होतं. मंचावर तो स्पीकर त्याच्या पायामागे जमिनीवर असायचा. आवाज त्याच्या गुडघ्यांजवळून निघून थेट या कोपऱ्यावर आदळत होता. गुडघ्यांना कान नसतात. म्हणून तो बटण पुढे सरकवत राहिला आणि मागची माणसं दाराकडे सरकत राहिली.

“सांगतो त्याला,” तो म्हणाला आणि उठला.

मालकाकडून त्यानं बाटल्यांचा रिकामा क्रेट मागून घेतला. स्पीकर त्यावर चढवला, तिरका करून त्याचं तोंड स्वतःच्या कानांकडे केलं, टोपी घातली आणि तार छेडली.

“बाप रे!” तो उडालाच.

“उशिरा का होईना, पोचलं,” ताई म्हणाली.

त्यानं बटण निम्म्याहून मागे आणलं. ताईनं सगळ्यात संथ गाणं धरलं. दोन ओळींच्या मधे ती श्वास घेते, तो त्याला आज पहिल्यांदाच ऐकू आला. त्या जागेत त्यानं चारच स्वर हलकेच ठेवले. मागच्या टेबलावर कोट चढवायला उभा राहिलेला एक माणूस एक हात बाहीत घालून थांबला, मग तसाच खाली बसला. गाणी संपेपर्यंत एकही टेबल रिकामं झालं नाही. मालकानं लांबूनच दोन वाट्या सूप पाठवलं.

तो वायर गुंडाळत होता तेव्हा काकू मंचाजवळ आल्या. “सांगितलंस ना टोपीवाल्याला?”

त्यानं हळूच टोपी काढली. “तुम्ही ओळखलं होतंत?”

“टोपी काढली म्हणून नाक बदलतं का रे?”

“मग मालकांनाच सांगायचं ना आधी.”

“त्यांनी तुलाच काढलं असतं. मला फक्त आवाज कमी हवा होता.” काकूंनी पर्स खांद्याला अडकवली. “आणि तू तर मध्यंतर झालं रे झालं की पळायचास. दर रविवारी ती खुर्ची तुझ्यासाठी धरून बसायचे मी. आता मोकळी झाली. पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन येते.”