साहेबांचं दार

निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून पाळी आली की सुताराची मुलगी चार दिवस तंबूत बसायची. तिने सहा अर्ज दिले. "दारावाचून कुणाचं अडलंय, बाळ?" व्यवस्थापकसाहेब आपल्या बंद दाराआडून म्हणाले. सोमवारी साहेब बघतात तर त्यांच्या कार्यालयाला नुसती चौकट! शोधत शोधत ते संडासापाशी पोचले. दार तिथे ऐटीत उभं होतं. आत सुताराची मुलगी निवांतपणे कापड बदलत होती. आज तिचा दुसरा दिवस होता, बापाचा स्क्रूड्रायव्हर दप्तरात होता आणि पुढचा तास गणिताचा. "माझं दार कुणी काढलं?" साहेबांनी दार बडवलं. "मी," ती आतून म्हणाली. "त्यावाचून तुमचं अडलंय का, साहेब?" साहेबांनी दार ढकललं. "आधी पाटी वाचा," ती म्हणाली. साहेबांनीच लावलेली पाटी होती: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.'