मोकळी जागा

मासळी सुकवायला सरकारी योजनेतून हीट पंपाचं यंत्र मिळणार, म्हणून कचेरीतला दिपेश दांडी गावात जमनाच्या किनाऱ्यावरच्या, मासळी वाळवायच्या खळ्याचे फोटो काढायला आला.

"मावशी, जागा मोकळी दिसली पायजे. फोटोत अडगळ आली तर फॉर्म वरून परत येतो."

"थांब, त्याला काय येळ लागतो?" म्हणत जमनाने बोंबलांनी लगडलेल्या, सासूच्या काळापासूनच्या बांबूच्या वलांड्या स्वतःच्या हातांनी उपटल्या. वर हौसेनं वाळूही झाडली. चारी बाजूंनी फोटो निघाले.

यंत्र काही आलं नाही. दोन महिन्यांनी सरकारी नोटीस आली, खळं कुठल्याशा कंपनीच्या गोदामाला देणार असल्याची. सोबत तेच चार फोटो. त्यांच्याखालची ओळ सुनेनं चाचरत वाचून दाखवली.

"सदर जागेवर मासळी सुकवली जात नसल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले."