बाकावरची जागा

आमच्या मेपलच्या पाकाच्या धंद्याची वेबसाइट डॅडनी स्वतः बनवली होती. पहिल्या पानावर घरच्यांचा फोटो. ज्याच्यावर क्लिक करावं, त्याचं पान उघडायचं. त्यासाठी प्रत्येकाभोवती न दिसणारा चौकोन असे, आणि फोटोत त्याच्या चार कडा कुठे येतात, ते चार आकडे डॅड मोजून लिहीत. मॉम गेल्यावर त्यांनी नवा फोटो लावला: बाकावर डॅड, वेंडेल आणि मी.

डॅडना पुरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही भावंडं तोही बदलायला बसलो. वेंडेलचं बोट चुकून डॅडच्या शेजारी रिकाम्या बाकावर पडलं, आणि मॉमचं पान उघडलं.

"घ्या! म्हातारबुवांनी फोटो बदलला, आकडे जुनेच ठेवले," तो हसला. "पाक उतरवताना कधी एका डिग्रीने चुकले नाहीत, आणि इथे हा घोळ. काढून टाक गं तो चौकोन."

काढण्याआधी मी जुन्या फोटोचं पान उघडून आकडे ताडून पाहिले. जुन्या फोटोत मॉम दारात उभी होती, आणि तिचे आकडे दाराचे होते. हे आकडे वेगळे होते. बाकाच्या त्या रिकाम्या जागेचे, बसलेल्या बाईच्या उंचीइतके, नव्याने मोजलेले.

मी वेंडेलला दाखवलं. तो कॅमेरा घेऊन बाहेर गेला.

मी बाकावर जाऊन बसले, तेव्हा म्हणाला, "अगं, मधोमध काय बसतेस? इकडे कडेला सरक. तिकडे दोघांची जागा लागेल."